शोभिवंत माशांच्या व्यवसायात उतरताना: पहिल्या टाकीपासून निर्यातीच्या खोक्यापर्यंत

थर्माकोलचे खोके उघडल्यावर मुरलेला खरेदीदार आधी रंग बघत नाही. तो पिशवी उजेडासमोर धरतो आणि तीन गोष्टी तपासतो: तळाशी किती मेले आहेत, सगळे एका मापाचे आहेत का, आणि पर ताठ पसरलेले आहेत की अंगाला चिकटलेले. या तिन्हींत माल उतरला की पुढची मागणी पक्की. नवख्या माणसाला मी पहिल्याच भेटीत हे सांगते, कारण बहुतेक जण दुर्मीळ माशाचे स्वप्न घेऊन येतात. हा धंदा तोलून धरतो तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाचा, निरोगी आणि एकसारखा माल देणारा माणूस. देशाची निर्यात उभी राहते तीही अशाच छोट्या छोट्या टाक्यांतून. म्हणून हा लेख देशाच्या धोरणापासून नाही, तुमच्या पहिल्या टाकीपासून सुरू होतो. धोरणाकडे आपण शेवटी वळू.

सुरुवातीला फक्त बघा

टाक्या बांधायच्या आधी दोन-तीन महिने बाजारात फिरा. साखळी समजून घ्या. एक जण प्रजनन करतो, दुसरा पिल्ले विक्रीच्या मापापर्यंत वाढवतो, तिसरा वीस ठिकाणचा माल गोळा करतो, चौथा तो सांभाळून, तपासून, बांधून परदेशी पाठवतो. पलीकडे आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि अखेरीस घरात टाकी ठेवणारा. नवखा माणूस या सगळ्या जागा एकट्याने भरायला जातो आणि दमतो. माझा आग्रह असा की सुरुवात पिल्ले वाढवण्यापासून करावी. भरवशाच्या प्रजनकाकडून लहान पिल्ले घ्या, दोन-तीन महिने वाढवा, विका. पाणी, खाद्य आणि रोग या तिन्ही गोष्टी त्यात शिकून होतात, आणि चूक झालीच तर मूळ जोड्या हातच्या जात नाहीत.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. जगात विकल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातल्या शोभिवंत माशांपैकी सुमारे 90 टक्के मासे शेतीतून येतात. समुद्री माशांचे उलटे आहे, त्यातले बहुतेक अजूनही प्रवाळांतून पकडले जातात. नवख्याने गोड्या पाण्यातच राहावे. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गोल्डफिश, कोई, एंजल, फायटर, बार्ब, डॅनिओ, टेट्रा हीच नावे दुकानांत पुन्हा पुन्हा दिसतील. खप तिथे आहे.

पाणी: इथे घाई करू नका

मासे पाळणारा खरे तर पाणी पाळतो. तुमच्या विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी कसे आहे हे मोजल्याशिवाय मासा ठरवू नका. पीएच, कठीणपणा (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) आणि तापमान हे तीन आकडे वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत मोजून वहीत लिहा. पाणी कठीण आणि पीएच सातच्या वर असेल तर पिल्ले घालणारे मासे, म्हणजे गप्पी, मॉली, प्लॅटी, आनंदाने वाढतील. पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असेल तर टेट्रांचा विचार करता येतो. पाणी एका प्रकारचे आणि मासा दुसऱ्या प्रकारचा अशी जोडी लावून रोज पाणी बदलत बसणारे मी खूप पाहिले आहेत. वर्षभरात त्यांचा खर्चही निघत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते काढल्याशिवाय माशांना देऊ नये. उघड्या टाकीत हवा सोडून ठेवले की क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन मात्र तसे उडत नाही, त्यासाठी त्यावर चालणारे वॉटर कंडिशनर वापरावे लागते. तुमच्याकडे कोणते आहे ते पाणीपुरवठा करणाऱ्यांना विचारून घ्या.

आता अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून तो सतत पाण्यात येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू जमायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला स्वच्छ असते आणि आतून विषारी. नवख्याचे पहिले सगळे मासे मरतात ते बहुधा इथेच. उपाय सोपा आहे: जुन्या, निरोगी टाकीतला चालू स्पंज फिल्टर नव्या टाकीत आणून लावा, मासे थोडेच सोडा, खाद्य हात राखून द्या आणि अमोनिया रोज मोजा.

अमोनियाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे पॅकिंगमध्ये तीच कामाला येईल. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. पीएचमध्ये एकाचा फरक, विषात जवळजवळ दहापट.

सुरुवातीला मोठा हॉल नको. दहा-बारा टाक्या, हवा पुरवणारा एक ब्लोअर, प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर, आणि वीज गेली तर चालणारी दुसरी सोय. ही शेवटची गोष्ट लोक पुढे ढकलतात. दाट पिल्लांच्या टाकीत हवा बंद पडली तर काही तासांत सगळे संपते.

एकच मासा, आणि तोही एकाच जातीचा

पहिल्या वर्षी एक किंवा फार तर दोन प्रकार धरा. गप्पी निवडला तर त्यातलाही एकच रंगप्रकार. दहा रंगांचे गप्पी एका टाकीत सोडले की दोन पिढ्यांत मिसळलेला, मातकट माल हाती येतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

गप्पीचे उदाहरण थोडे जवळून बघू, कारण त्यात निवडीचे सगळे शास्त्र आले. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले घालते. एकदा नराशी संयोग झाला की ती त्याचे शुक्राणू महिनोन् महिने शरीरात साठवते, आणि नर नसतानाही पुढच्या खेपा घालत राहते. म्हणजे दुकानातून आणलेली सुंदर मादी कोणाची पिल्ले घालेल हे तुम्हाला कधीच ठाऊक नसते. वंश शुद्ध ठेवायचा तर कोवळ्या माद्या नरांपासून वेळेत वेगळ्या कराव्या लागतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पिल्लू पारदर्शक कपात घ्या, मागून टॉर्चचा उजेड द्या आणि पोटाखालचा पर बघा. मादीचा पर पंख्यासारखा पसरतो, तर नराचा हळूहळू निमुळता होत काडीसारखा होतो. मादीच्या पोटामागे एक गडद ठिपकाही दिसू लागतो. पहिल्या दिवशी शंभर पिल्ले वेगळी करायला दोन तास लागतील, महिन्याभरात वीस मिनिटांत होतील. ज्याच्याबद्दल शंका आहे ते पिल्लू तिसऱ्या टाकीत टाका, अंदाज करू नका.

जोडीसाठी कोणते मासे ठेवायचे? सगळ्यात देखणा मासा विकून उरलेल्यांतून जोडी लावायची ही सर्वसाधारण खोड आहे, आणि तिच्यामुळेच चार पिढ्यांत माल बारीक होतो. चांगले आधी स्वतःसाठी काढा. पाठीचा कणा सरळ, पोहणे स्थिर, भूक चांगली, वाढ भरभर आणि मग रंग, या क्रमाने बघा. एकाच घरातल्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या जोडी लावली की विकृती वाढतात. त्यासाठी दोन-तीन वेगळ्या ओळी समांतर चालवा आणि अधूनमधून त्यांची आपसात गाठ घाला.

एंजल मासा त्याच्या पुढची पायरी. तो पाटीच्या दगडावर किंवा उभ्या पाइपवर अंडी चिकटवतो, आणि पहिल्या काही खेपांना आईबापच ती खाऊन टाकतात. म्हणून अंड्यांसकट तो दगड वेगळ्या बरणीत ठेवतात, त्याच टाकीचे पाणी घेतात, बुरशी धरू नये म्हणून थोडे मिथिलीन ब्लू घालतात आणि शेजारी हळू हवा सोडतात. साधारण अडीच दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण ती चिकटून नुसती वळवळत असतात. मोकळी पोहायला लागायला आणखी चार-पाच दिवस जातात. त्याआधी खाद्य टाकले तर पाणी सडते आणि सगळी खेप जाते. पोहू लागल्यावर मात्र पहिल्याच दिवशी जिवंत खाद्य हवे.

पिल्लांच्या तोंडात काय जाणार

नर आणि मादी एकत्र आणणे सोपे असते. पहिले दोन आठवडे पिल्ले जगवणे हे खरे काम, आणि तिथे आर्टेमियाला पर्याय नाही असेच मी म्हणेन.

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची अंडी कोरडी, तपकिरी पावडरसारखी डब्यात येतात. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवा, साधारण दोन ग्रॅम अंडी घाला, तळ कापलेली प्लास्टिकची बाटली उलटी टांगून त्यात हे ओता आणि खालून जोरात हवा सोडा. तापमान 28 अंशांच्या आसपास असावे आणि सुरुवातीचे काही तास उजेड हवा. चोवीस तासांनी बघा. पाण्याला नारिंगी झाक आली असेल. हवा बंद करा, बाटलीच्या खालच्या टोकाशी एक दिवा ठेवा आणि दहा मिनिटे हात लावू नका. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात, आणि जिवंत पिल्ले उजेडाकडे नारिंगी ढगासारखी जमतात. तो ढग तेवढा नळीने ओढून घ्या, बारीक कापडात गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच खायला घाला. टरफले पिल्लांच्या पोटात गेली तर आतडे तुंबते, म्हणून हे वेगळे करणे टाळू नका. आर्टेमियाचे पिल्लू जन्मानंतर काही तास स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर जगते, तो साठा संपत जातो तसे ते पोषणाला हलके होत जाते. ताजेच द्या, दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. एक बाटली संपायच्या आत दुसरी लागलेली असावी.

टेट्रा, गुरामी, फायटर यांची पिल्ले इतकी बारीक की आर्टेमियाही त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांना आधी काही दिवस इन्फ्युसोरिया किंवा रोटिफर हे पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात, मग आर्टेमिया. मोठे होताना मॉइना, म्हणजे पाण्यातला पिसवेसारखा बारीक जीव, चांगला. ट्युबिफेक्स किडे स्वस्त आणि माशांच्या आवडीचे, पण ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग घरी आणतात. मी ते प्रजनकांच्या खोलीत येऊच देत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. बहुतेक लाल-नारिंगी रंगद्रव्ये मासा स्वतः तयार करत नाही, ती खाद्यातून यावी लागतात. स्पिरुलिना हे शेवाळ, अॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य असलेले खाद्य आणि टाकीला गडद पार्श्वभूमी, एवढ्याने चांगल्या वंशाचा रंग खुलतो. संप्रेरके चारून पिल्लांना घाईने रंगवणे किंवा माशाच्या अंगात सुईने रंग टोचणे या दोन्ही गोष्टींपासून लांब राहा. माशाला त्यात यातना आहेत, आणि ग्राहकाच्या घरी महिन्याभरात रंग उतरतो तेव्हा संबंध सगळ्या धंद्याशी तुटतो.

नवा मासा आणि वेगळी खोली

एकदा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आलेले सहा एंजल मी घाईत थेट वाढीच्या टाकीत सोडले. दिसायला उत्तम होते. पाचव्या दिवशी एकाच्या परावर मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसला, दहाव्या दिवशी शेजारच्या तीन टाक्यांत पसरला, कारण सगळीकडे एकच जाळी फिरत होती. दोन महिन्यांची वाढ गेली. तेव्हापासून प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, आणि नवा मासा किमान तीन आठवडे वेगळ्या खोलीत. त्या खोलीतले काम दिवसाच्या शेवटी करायचे, आणि तिथून निघाल्यावर हात धुतल्याशिवाय दुसऱ्या टाकीला हात लावायचा नाही.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून घेतला तर बाकीच्यांकडे कसे बघावे हेही कळते. माशाच्या अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली दडलेला परजीवी, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत नव्या माशाला शोधतात. औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारा फसतो, दुसऱ्या आठवड्यात रोग परत येतो. उपचार पुरा करा, तळ रोज साफ करा.

अँटिबायोटिक मनाने टाकू नका. नेमका कोणता जिवाणू आहे हे तपासल्याशिवाय दिलेले औषध बहुतेक वेळा फुकट जाते, फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारते आणि पुढच्या वेळी तेच औषध चालेनासे होते. निर्यातीच्या दृष्टीने याहून गंभीर रोग वेगळे आहेत. कोई हर्पिस विषाणू, कार्पचा स्प्रिंग व्हायरेमिया, अल्सर आणणारा ईयूएस हे रोग जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत. त्यातला एखादा आढळला तर एका शेतकऱ्याचे नाही, साऱ्या देशाचे खोके सीमेवर अडू शकतात. कोई वाढवणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. त्या विषाणूतून वाचलेला मासा धडधाकट दिसतो आणि तरीही रोग पसरवत राहू शकतो.

पॅकिंग

सहा महिने मेहनत करून वाढवलेला माल छत्तीस तासांत मारता येतो. म्हणून या कामाला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे.

आधी उपास. पाठवण्यापूर्वी लहान माशांना 24 तास आणि मोठ्यांना त्याहून जास्त खाद्य देऊ नका. पोट रिकामे असले की पिशवीत विष्ठा कमी, अमोनिया कमी. छाटणी आणि मोजणी उपासाच्या आधी उरका, कारण जाळीत घेतलेला मासा काही तास दमलेला असतो आणि दमलेला मासा जास्त प्राणवायू ओढतो.

पिशवी दुहेरी घ्या. कोपरे दुमडून टेपने गोल करा, नाहीतर बारीक मासे कोपऱ्यात अडकून चिरडतात. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. पिशवीतली हवा आधी दाबून पूर्ण काढा आणि मगच सिलिंडरमधला ऑक्सिजन भरा. हवेवर ऑक्सिजन भरण्यात अर्थ नाही. तोंड पिळून, दुमडून, रबर बँड घट्ट बांधा. पिशवी उलटी धरून दहा पावले चालून बघा, एक थेंबही गळता कामा नये. फायटर नर एकेकटे, छोट्या पिशवीत. काटेरी मासे असतील तर दोन पिशव्यांच्या मध्ये कागद घाला.

एका पिशवीत किती मासे? याचे उत्तर कोणाच्या तक्त्यातून घेऊ नका, स्वतः काढा. प्रवास 30 तासांचा असेल तर तीन चाचणी पिशव्या वेगवेगळ्या संख्येने बांधा, थर्माकोलच्या खोक्यात बंद करा आणि खोलीच्या कोपऱ्यात 45 तास ठेवा. मग उघडून मोजा. ज्या पिशवीत एकही मेला नाही, त्या संख्येवरही थोडी सूट ठेवून तो तुमचा आकडा. उन्हाळ्याचा वेगळा, थंडीचा वेगळा. विमान चुकते, गाडी अडकते, ती दीडपट वेळ त्यासाठीच धरायची.

आता मघाचा अमोनिया आठवा. बंद पिशवीत मासे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरत जातो. अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो, आणि तोच साठलेला अमोनिया मिनिटांत विषारी होतो. लांबच्या प्रवासाहून आलेली पिशवी उघडी ठेवून त्यात तासभर थेंबथेंब नवे पाणी सोडणारे लोक चांगल्या हेतूने मासे मारतात. बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. टाकीचे पाणी आधीच थोड्या कमी पीएचवर आणून ठेवा. मग पिशवी उघडा, मासे लगेच जाळीने टाकीत घ्या आणि पिशवीतले पाणी फेकून द्या. दिवे मालवा. त्या दिवशी खाद्य नाही. ही सूचना छापून प्रत्येक खोक्यात ठेवा, ग्राहकाच्या भाषेत.

कागद

विमानाने जिवंत प्राणी पाठवण्याचे नियम आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ठरवते आणि दरवर्षी त्यांची नवी आवृत्ती काढते. खोक्याचा प्रकार, लेबल, वरच्या बाजूची खूण, सगळे त्यात आहे. त्याशिवाय तुमच्या देशाच्या अधिकृत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र, आणि पोचणाऱ्या देशाचा परवाना. प्रत्येक देशाची मागणी वेगळी असते, म्हणून खरेदीदाराकडून लेखी यादी मागवा आणि मगच तारीख द्या.

धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्या तपासणे तुमच्यावर आहे. परिशिष्ट एक म्हणजे व्यापार जवळजवळ बंद, परिशिष्ट दोन म्हणजे परवान्यानेच व्यापार. आशियाई अरोवाना 1975 पासून परिशिष्ट एकमध्ये आहे. नोंदणीकृत फार्ममध्ये जन्मलेले, अंगात मायक्रोचिप असलेले मासेच त्यातून कायदेशीर विकता येतात. समुद्री घोडे 2004 पासून परिशिष्ट दोनच्या नियमांखाली आहेत. ब्राझीलच्या झिंगू नदीतला झेब्रा प्लेको 2022 च्या परिषदेत परिशिष्ट दोनमध्ये गेला. त्याची नैसर्गिक संख्या घटत होती, निर्यातबंदी होती, तरी तो चोरून बाहेर जात राहिला आणि परदेशातल्या टाक्यांत लोकांनी त्याची पैदासही केली. स्वतःच्या नदीतला मासा देशाने वेळेत शिकून वाढवला नाही तर दुसरे कोणीतरी वाढवते.

एकट्याने होत नाही

इथून देशाचा प्रश्न सुरू होतो. सिंगापूरकडे जमीन नाही, तरी अनेक दशके ते या व्यापाराचे मोठे केंद्र राहिले, कारण शेजारच्या देशांतला माल तिथे येतो, तपासला जातो, सांभाळला जातो आणि उत्तम विमानसेवेमुळे जगभर जातो. श्रीलंकेत निर्यातदार गावातल्या छोट्या उत्पादकांना पिल्ले आणि मार्गदर्शन देतात आणि वाढलेला माल परत घेतात. चेक प्रजासत्ताक थंड देश, पण तिथल्या लोकांनी घराच्या तळघरांत टेट्रांची पैदास करून युरोपचा बाजार धरला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टँपा भागात मातीच्या तळ्यांत हे मासे वाढतात. जपानने निईगाताच्या डोंगरी गावांतल्या कार्प माशांतून कोई घडवला, आणि 1914 च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर तो देशभर पोचला. थायलंडने 2019 मध्ये फायटर माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केले. प्रत्येकाने आपल्याकडे जे होते त्यावर बांधले. कोणी विमानतळावर, कोणी हवामानावर, कोणी पिढीजात कसबावर.

तुमच्या भागात पंधरा-वीस उत्पादक झाले की गट करा. गटाकडून मागायच्या गोष्टी माझ्या मते चारच: सर्वांसाठी एक क्वारंटाइन केंद्र, शुद्ध वंशाच्या जोड्यांची सामाईक बँक, हाकेच्या अंतरावर रोगनिदानाची प्रयोगशाळा, आणि विमानतळावर जिवंत मालासाठी सावलीची, थंड जागा. सरकारकडे अनुदान मागायला सगळेच जातात. टाक्यांना मिळालेले अनुदान टाक्या रिकाम्या झाल्या की संपते, प्रयोगशाळा तीस वर्षे कामाला येते. गटात प्रत्येकाने एकेक जात धरली तर निर्यातदाराला एका फोनवर वीस जातींची यादी मिळते, आणि त्याला नेमके तेच हवे असते.

नदीचा विचार

स्थानिक मासे पकडून विकणे सरसकट वाईट नाही. ब्राझीलमध्ये रिओ निग्रो नदीकाठच्या बार्सेलोस गावात माणसे होडीतून जाऊन पुरात बुडालेल्या जंगलातून हातजाळ्याने कार्डिनल टेट्रा पकडतात. त्या उत्पन्नामुळे जंगल तोडण्याची गरज कमी पडते, असे तिथे काम करणारे लोक आवर्जून सांगतात. आशिया आणि युरोपातल्या फार्ममध्ये हा मासा वाढू लागला तसे त्या गावाचे उत्पन्न घटले. दुसरीकडे प्रवाळांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याने प्रवाळही मेले आणि माशांचेही हाल झाले. फरक पद्धतीत आहे, आणि विणीच्या हंगामात जाळे घरी ठेवण्यात आहे.

उलट दिशेचा धोका तुमच्या सांडपाण्यात आहे. सेलफिन प्लेको ज्या ज्या परक्या पाण्यात सुटला तिथे त्याने काठ पोखरले, मच्छीमारांची जाळी फाडली. मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला आणि आज कॅरिबियन समुद्रभर आहे. टाकीचे पाणी सोडायच्या नळीला बारीक जाळी लावा, तळ्याभोवती बांध उंच ठेवा आणि नको असलेला मासा ओढ्यात कधीही सोडू नका.

वही आणि पहिली खेप

प्रत्येक टाकीची एक पाटी असू द्या: मासा, जन्मतारीख, संख्या, आज किती मेले. महिन्याच्या शेवटी खाद्य, वीज, औषध, तुमचा वेळ आणि मेलेल्यांचा खर्च मिळून जगलेल्या माशांवर वाटा. एका विक्रीयोग्य माशामागे किती पडले हा आकडा हाती नसेल तर व्यापाऱ्यापुढे भावाची बोलणी करायला बसू नका.

पहिली मागणी आली की मोठी घेऊ नका. निम्मी घ्या आणि पूर्ण द्या. पाठवायच्या आधी प्रत्येक पिशवीवर संख्या आणि टाकीचा क्रमांक लिहा. माल पोचल्याच्या दिवशी फोन करा आणि पिशवीवार किती मेले ते विचारा, फोटो मागवा. सात नंबरच्या टाकीतल्या पिशवीत चार मेले आणि बाकीच्यांत एकही नाही, असे कळले तर चूक बांधणीत नाही, सात नंबरच्या टाकीत आहे. मग पुढची पिशवी भरायच्या आधी त्या टाकीचे पाणी मोजा.